तक्ता लावला, पण नजर मोजली का?

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



गावात नेत्र तपासणी शिबिर झाले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन आकडे असतात: किती जणांची तपासणी झाली आणि किती जणांना चष्मे वाटले. त्या तपासणीतली किती मोजमापे बरोबर होती, हा आकडा मी बातमीत कधी वाचला नाही. नोकरीत असताना जे मासिक अहवाल भरून पाठवले, त्यांतही त्यासाठी रकाना नव्हता. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. तो रकाना आपण सुरू करावा, एवढी एकच मागणी घेऊन आपल्यापुढे आले आहे. एका रकान्यासाठी थेट मंत्र्यांना पत्र का, हे सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

मी इथे फक्त प्रौढांबद्दल बोलते आहे. शाळेतल्या मुलांकडे आरोग्य पथक फिरकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने ती घडी बसवली आहे. पन्नाशीच्या शेतमजूर बाईकडे कोण फिरकते? तिची नजर हळूहळू उतरते आणि त्या मानाने ती कामे सोडत जाते. आधी सुईत दोरा ओवणे सुनेकडे जाते, मग तांदूळ निवडणे, मग दिवेलागणीनंतर ओसरी उतरणे बंद होते. विचारले तर ‘वय झालं’ म्हणते. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमध्ये अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के निघाले आणि त्यातल्या ६६.२ टक्के अंधत्वामागे मोतीबिंदू होता. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे, सरकारी रुग्णालयात ती मोफत होते, अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. तरीही माणसे अंधारात राहतात. त्याची कारणे अनेक आहेत. पैसा, सोबतीला माणूस नसणे, भीती. पण एक कारण आपल्या खात्याच्या हातातले आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जाण्याआधी कोणालातरी त्या माणसाची नजर मोजावी लागते, आणि ती नीट मोजावी लागते.

शिबिराच्या जागेपासूनच सुरुवात करते. शाळेच्या व्हरांड्यात खिळ्याला तक्ता टांगलेला असतो. हरमन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये हा तक्ता बनवला तेव्हा त्याने प्रत्येक ओळीचे माप अंतराशी बांधले. ६/६ च्या ओळीतले अक्षर सहा मीटरवरून डोळ्याशी एका अंशाचा बारावा भाग इतकाच कोन करते. त्याची उंची साधारण पावणेनऊ मिलिमीटर भरते. ‘६/१२’ अशा मापातला पहिला आकडा उभे राहण्याचे अंतर सांगतो, दुसरा निरोगी डोळ्याला ती ओळ जिथून वाचता येते ते अंतर. अंतर बदलले की सगळे हिशेब बदलतात. व्हरांडा अरुंद आहे म्हणून माणूस सहाऐवजी चार मीटरवर उभा राहिला आणि त्याने ६/१२ ची ओळ वाचली, तर त्याची खरी नजर ६/१८ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ६/१२ पर्यंतची नजर ठीक धरतात, त्याखाली दृष्टिदोष सुरू होतो. म्हणजे ज्याला चष्मा किंवा शस्त्रक्रिया हवी तो माणूस, दोन मीटर जागा कमी पडली म्हणून, ‘नजर चांगली’ असा शेरा घेऊन घरी जातो. पावलांनी मोजलेली अंतरे मी पुष्कळ पाहिली आहेत. गाठ मारलेली सहा मीटरची दोरी क्वचित पाहिली.

प्रकाशाचेही तेच. तक्त्यामागे उघडी खिडकी असली की उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते आणि चांगली नजरही दोन ओळी खाली उतरते. झाडाच्या सावलीत सकाळी लावलेला तक्ता दुपारी उन्हात येतो, त्याची जागा कोणी बदलत नाही. झेरॉक्स काढताना लहान झालेला, पिवळा पडलेला तक्ता वर्षानुवर्षे तसाच फिरतो. आणि रांग! पुढच्याने मोठ्याने वाचलेली ओळ मागच्या दहा जणांना पाठ झालेली असते. फसवायचा हेतू कोणाचाच नसतो. परीक्षा आहे असे वाटते आणि परीक्षेत नापास व्हायला कोणालाच आवडत नाही.

या परीक्षेच्या भीतीवर मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण तिथे आपली मोजणी सगळ्यांत जास्त चुकते. ज्या बाईला अक्षर येत नाही तिच्यासमोर मराठी अक्षरांचा तक्ता धरला, तर ‘मला वाचता येत नाही’ असे ती सगळ्यांदेखत म्हणत नाही. ती म्हणते, ‘दिसत नाही.’ तपासणारा तसेच लिहून घेतो. मग ती तालुक्याला पाठवली जाते, तिची दिवसाची मजुरी बुडते आणि तिथे तिची नजर ६/९ निघते. पुढच्या वेळी खरेच दिसेनासे झाले तरी ती येत नाही. उलट बाजूने, थोडेफार वाचता येणारा म्हातारा धूसर आकारावरून अक्षराचा अंदाज बांधतो आणि निम्मे अंदाज खरे ठरतात. त्यातून आपल्या लिपीची अडचण वेगळीच आहे. एकाच उंचीचे ‘र’ आणि ‘क्ष’ ओळखायला सारखे सोपे नसतात.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. चार दिशांना तोंड केलेल्या ‘ई’ चिन्हाचा तक्ता घ्यायचा. त्याची तीन बोटे कुठे वळली आहेत ते हाताने दाखवायला सांगायचे. अक्षरओळखीचा प्रश्नच येत नाही, लाजही वाटत नाही. पण इथेही नियम पाळावा लागतो. एकच चिन्ह दाखवले तर डोळे मिटूनसुद्धा चारात एकदा उत्तर बरोबर येईल. पाच चिन्हे दाखवून त्यांतली चार बरोबर हवीत असे ठरवले, तर नुसत्या अंदाजावर पास होण्याची शक्यता चौसष्टात एक इतकी खाली येते. ऑस्ट्रेलियातल्या इयन बेली आणि जॅन लोव्ही यांनी १९७६ मध्ये बनवलेल्या तक्त्यात म्हणूनच प्रत्येक ओळीत पाच अक्षरे आहेत आणि एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना आकार ठरावीक प्रमाणातच घटतो. स्नेलेनच्या नेहमीच्या तक्त्यात सगळ्यांत वर एकच अक्षर असते आणि वरच्या ओळींमधली अंतरे फार मोठी असतात. नेमकी मोतीबिंदूच्या माणसांची नजर ज्या पट्ट्यात असते, तिथेच तो तक्ता भरड मोजतो. जगभरच्या नेत्रसंशोधनात आज पाच अक्षरांच्या ओळींचा तक्ता प्रमाण मानतात. आपल्या आरोग्य उपकेंद्रांत तो का नसावा?

एका वेळी एकच डोळा तपासायचा, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. घाईत दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचायला लावतात. किंवा माणूस बोटांनी डोळा झाकतो आणि बोटांच्या फटीतून पाहतो. जोरात दाबला तर तो डोळा नंतर काही क्षण धूसर दिसतो आणि त्याचे माप चुकते. तळहाताचा खळगा किंवा साधे पुठ्ठ्याचे झाकण वापरले तर दोन्ही टळते. ज्याचा एक डोळा गेला आहे आणि त्याला ते माहीतच नाही, असा माणूस प्रत्येक शिबिरात भेटायचा. चांगला डोळा झाकल्यावर तो गडबडून जायचा, इकडे तिकडे मान वळवायचा, आणि सोबत आलेला मुलगा म्हणायचा, ‘अहो, बाबांना तर सगळं दिसतं.’

आता माझ्या मते सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत दुर्लक्षित अशा वस्तूबद्दल. मिलिमीटरभर छिद्राची एक काळी चकती. आम्ही तिला पिनहोल म्हणतो. ज्याला ६/१२ ची ओळ दिसली नाही त्याने या छिद्रातून पुन्हा पाहायचे. ओळ दिसू लागली तर बहुधा चष्म्याच्या नंबरचा प्रश्न आहे. नाही दिसली तर डोळ्याच्या आत काही बिघाड असण्याची शक्यता मोठी, मग डॉक्टरांनीच पाहायला हवे. सुरुवातीच्या मोतीबिंदूतही कधी कधी पिनहोलने नजर सुधारते, त्यामुळे हा निवाडा अंतिम नाही. तरी अर्ध्या मिनिटात चष्म्याची रांग आणि डॉक्टरांची रांग वेगळी होते. चकती नसते तिथे सगळ्यांना एकाच रांगेत उभे करतात, किंवा सगळ्यांना नंबर काढणाऱ्या यंत्रावर बसवून निघालेल्या चिठ्ठीवरून सरळ चष्मे देतात. यंत्राची चिठ्ठी ही चष्म्याच्या नंबरची सुरुवात असते. समोर भिंगे बदलून, माणसाला विचारून तो नंबर पक्का करावा लागतो. न लागणारा चष्मा फळीवर पडून राहतो आणि आपल्या अहवालात तो ‘वाटप’ म्हणून मोजला जातो.

जवळची नजर तर बहुतेक ठिकाणी मोजतच नाहीत. चाळिशी सगळ्यांनाच लागते, मग मोजायचे काय, असा समज आहे. आसामातल्या चहाच्या मळ्यांत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. चाळिशीपुढच्या पाने खुडणाऱ्या कामगारांपैकी काहींना जवळचे चष्मे लगेच दिले, काहींना चाचणी संपल्यावर. ज्यांना आधी मिळाले त्यांची खुडणी दुसऱ्या गटापेक्षा २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. बांगलादेशातल्या अशाच एका चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले; तिथे जवळचे चष्मे मिळालेल्यांचे उत्पन्न ३३.४ टक्क्यांनी अधिक निघाले. येवल्यात पैठणीच्या मागावर बसणारा विणकर आणि सोलापूरची विडी कामगार बाई यांची रोजी डोळ्यांपासून हातभर अंतरावरच आहे. चाळीस सेंटिमीटरवर धरलेल्या छोट्या तक्त्याने त्यांची नजर एका मिनिटात मोजता येते. त्यासाठी वेगळे शिबिर नको, फक्त तक्त्याच्या पाठीमागे जवळची अक्षरे छापलेली हवीत.

आपल्या खात्याकडे तपासणीचा एक रस्ता घरोघर जातो. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या धोक्याची प्रश्नावली, भरतात. त्यात धूसर दिसते का, वाचायला त्रास होतो का, असे प्रश्न आहेत. हे प्रश्न असणे चांगलेच. पण नुसत्या प्रश्नाने नजर कळत नाही. ज्याची नजर वर्षानुवर्षे थोडी थोडी उतरली त्याला आपले पूर्वीचे दिसणे आठवत नाही, तो ‘नाही, काही त्रास नाही’ म्हणतो. अमेरिकेत प्रतिबंधक तपासण्यांबद्दल शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञ गटाने २०२२ मध्ये पासष्टीपुढच्या लोकांच्या नजर तपासणीचा पुरावा पुन्हा तपासला. प्राथमिक उपचाराच्या पातळीवर सरसकट तपासणी करावी की नाही, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आणि नुसते प्रश्न विचारणे हे तक्त्याच्या तुलनेत कमी पडते, हेही त्या पुराव्यातून दिसते. आपल्याकडची परिस्थिती निराळी आहे. इथे मोतीबिंदूने आंधळी झालेली माणसे गावोगाव आहेत, त्यांना शोधायलाच हवे. पण चुकीच्या पद्धतीने केलेली तपासणी फायद्याची ठरेल हे गृहीत धरता येत नाही, एवढे त्या निष्कर्षातून मी घेतले.

चुकीची किंमत दोन्ही बाजूंनी द्यावी लागते. उदाहरणादाखल गणित करून पाहू. एका गावात हजार जण तपासले, त्यांतल्या दोनशेंची नजर खरोखर कमी आहे असे धरा. आपल्या तपासणीने त्यातले ऐंशी टक्के पकडले आणि चांगल्या नजरेच्या आठशेंपैकी पंधरा टक्क्यांना चुकून ‘कमी’ म्हटले. मग एकशे साठ खरे आणि एकशे वीस नाहक, असे दोनशे ऐंशी लोक तालुक्याच्या रुग्णालयात पाठवले जातात. नेत्रतज्ज्ञ आठवड्यातून ठरावीक दिवशीच येत असेल तर ती रांग कित्येक आठवडे पुरते, आणि तिच्यात दर सात जणांमागे तिघे विनाकारण उभे असतात. चाळीस जण मात्र कमी नजरेसकट ‘ठीक आहे’ ऐकून घरी गेलेले असतात. मला या चाळिसांची काळजी अधिक वाटते. तपासणी झाली नसती तर त्यांची मुले कधीतरी त्यांना दवाखान्यात घेऊन गेली असती. आता सरकारी माणसानेच ठीक म्हटल्यावर कोण नेणार?

आणि तक्त्याच्या मर्यादेचेही सांगायला हवे. ६/६ वाचणारा डोळा निरोगी असतोच असे नाही. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. माणूस तक्त्याची खालची ओळ वाचतो आणि बैलगाडी बाजूने आली तर त्याला दिसत नाही. तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाने केलेल्या पाहणीत काचबिंदू असलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांहून अधिक लोकांना तो झाल्याचे आधी माहीतच नव्हते. मधुमेहाचेही तसेच. राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम आढळला. पडदा खराब होऊ लागला तरी बराच काळ नजर उत्तम राहते. म्हणून तपासणीच्या कार्डावर ‘डोळे चांगले’ असा शिक्का नको. ‘दूरची नजर अमुक, जवळची नजर तमुक’ एवढेच लिहावे. मधुमेही असेल तर, नजर कितीही चांगली असो, वर्षातून एकदा पडद्याचा फोटो काढायची तारीख त्याच कार्डावर द्यावी. घरात काचबिंदू असेल त्याला चाळिशीनंतर डॉक्टरांकडे पाठवावे, तक्ता काय म्हणतो ते न बघता.

वाण्याच्या तराजूवर वैध मापन खात्याचा शिक्का लागतो, तो वेळोवेळी तपासला जातो. नजरेच्या मोजमापावर तसा शिक्का कोणाचाच नाही, आणि मला तोच हवा आहे. प्रत्येक शिबिरात, प्रत्येक उपकेंद्रात तपासलेल्या दर वीस माणसांमागे एकाची नजर नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याने पुन्हा मोजावी, पहिला आकडा न बघता. प्रामाणिकपणे मोजले तरी दोन वेळच्या मापांत एका ओळीचा फरक पडतो, तो सोडून द्यावा. त्याहून जास्त फरक किती जणांत आढळला, तो आकडा मासिक अहवालात यावा. ‘ठीक’ म्हटलेल्यांतलेही काही जण या पुनर्तपासणीत हवेत, नाहीतर ते चाळीस जण कधीच सापडणार नाहीत. आणि पाठवलेल्यांपैकी किती जण खरोखर रुग्णालयात पोहोचले, तेही तिथेच लिहावे. अंधत्वाच्या पाहण्या होतात तेव्हा सुरुवातीलाच वेगवेगळ्या पथकांना तीच माणसे तपासून आपली मापे जुळतात हे दाखवावे लागते. आकडेवारीसाठी एवढी काळजी घेतो, मग ज्याच्या डोळ्याचा निर्णय होणार त्याच्यासाठी का नाही?

या आकड्याचा वापर शिक्षेसाठी होऊ नये, ही माझी कळकळीची विनंती. तसा झाला तर पहिल्या महिन्यातच सगळीकडे शून्य फरक दिसेल. एखाद्या उपकेंद्राची मापे चुकत असतील तर तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला पुन्हा शिकवावे, तक्ता बदलून द्यावा, उजेड बघावा. आशाताईंच्या अंगावर आधीच कामे पुष्कळ आहेत. नजर मोजण्याचे काम द्यायचे असेल तर त्याचा मोबदला ठरवून द्यावा.

मोबाइलवर नजर मोजणारी ॲप आता आहेत. केनियातल्या नाकुरू भागात ‘पीक’ नावाच्या ॲपची पारख झाली आणि २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले: प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्याने घेतलेली मापे प्रमाण तक्त्याच्या मापांशी चांगली जुळली. चिन्हाची दिशा दर वेळी बदलते, त्यामुळे पाठांतराचा प्रश्न उरत नाही. जिथे फोन आणि शिकलेला माणूस दोन्ही आहेत तिथे जरूर वापरावे. पण त्यासाठी दोरी, तक्ता आणि चकती थांबवू नयेत.

शेजारच्या तेलंगणाने ‘कंटी वेलुगू’ योजना २०१८ साली सुरू करून दीड कोटीहून अधिक लोकांची तपासणी केली, २०२३ मध्ये पुन्हा तेवढ्याच मोठ्या प्रमाणावर केली. संख्या गाठता येते हे त्यांनी दाखवून दिले आहे. महाराष्ट्राने संख्येबरोबर पुनर्तपासणीचा आकडाही जाहीर करावा.

एक गोष्ट आपल्या खात्याबाहेरची, तरीही सांगते. चाळिशीपुढच्या वाहनचालकाला परवान्यासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. त्या नमुन्यात पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का, असा प्रश्न आहे. ते पंचवीस मीटर प्रत्यक्ष किती ठिकाणी मोजले जातात, हे आपण परिवहनमंत्र्यांना जरूर विचारावे.

या पुनर्तपासणीची सुरुवात राज्यभर करायची गरज नाही. एक तालुका निवडावा, शक्यतो डोंगराळ, जिथे शिबिराला जागा मिळणेही कठीण असते. तिथल्या सगळ्या उपकेंद्रांना पाच चिन्हांच्या ओळींचा तक्ता, गाठीची दोरी, पिनहोल, झाकण आणि जवळचा छोटा तक्ता द्यावा. सहा महिने पुनर्तपासणी चालवावी आणि निघालेले आकडे, कसेही असोत, छापावेत. पुनर्तपासणीला माणसे कमी पडतील अशी अडचण अधिकारी सांगतील. राज्यात निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी पुष्कळ आहेत. प्रवासभाडे मिळाले तरी माझ्या ओळखीतले बरेच जण येतील. मी येईनच.

आपली नम्र,
एक निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी